भंगारातल्या बेरिंगचे किचेन : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गजराच्या एका मोडक्या घड्याळाची तीन पितळी चाके एकमेकांवर रचून आणि दोन नळ्यांतून काढून मिसळायच्या गोंदाने चिकटवून मी माझे पहिले किचेन तयार केले होते. दिसायला ते देखणे होते, पण नवव्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेतून घरी येईपर्यंत त्यातले सर्वांत मोठे चाक वाटेत कुठेतरी गळून पडले आणि उरलेली दोन चाके खिशाच्या अस्तरात दात रुतवून बसली. चूक गोंदाची नव्हती, माझी होती. किचेन ही काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नसते. ती दिवसातून दहा वेळा ओढली जाते, फरशीवर आपटते, घामाने भिजते आणि पावसात गाडीला लटकते. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो : चिकटवलेला जोड चालणार नाही, जोड नटाचा, पिनेचा किंवा रिबिटाचाच (टोक ठोकून पसरवलेल्या खिळ्याचाच) हवा. पुढील सर्व कृती या नियमाला धरून आहे.

आपण जे करणार आहोत त्यात ६०८ क्रमांकाचे लहान बेरिंग, म्हणजे दोन कड्यांच्या मध्ये गोळ्या असलेले फिरते चाक, पितळेच्या यू आकाराच्या पट्टीत बसते आणि अंगठ्याने फिरवले की फिरत राहते. हाच नमुना निवडण्याचे कारण असे की, या बेरिंगची मापे जगभर सारखी आहेत : आतील भोक ८ मिमी, बाहेरील व्यास २२ मिमी आणि जाडी ७ मिमी. त्यामुळे तुमच्या हाती कोणत्याही यंत्रातून निघालेले ६०८ आले तरी खालील मापे बदलावी लागत नाहीत. त्याचे वजन साधारण १२ ग्रॅम असते आणि पट्टी, स्क्रू, नट धरून संपूर्ण वस्तू तीस ग्रॅमच्या आसपास जाते. छताच्या पंख्यात ६२०१ आणि ६२०२ ही बेरिंगे सर्रास असतात व भंगारात तीच सर्वांत सहज मिळतात, परंतु ६२०२ चे एकट्याचेच वजन ४५ ग्रॅम भरते. एवढे ओझे स्कूटरच्या चावीला सतत लोंबकळत राहिले तर कुलपातील पाने लवकर झिजतात. तेव्हा मोह टाळावा.

१. बेरिंग कोठून मिळवावे

६०८ बेरिंग विजेवर चालणाऱ्या हातड्रिलमध्ये, लहान ग्राइंडरमध्ये आणि मुलांच्या स्केटिंगच्या चाकांत सापडते. मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या, दुकानात काउंटरखाली एक तेलकट डबा असतोच. त्यात बदललेली बेरिंगे टाकलेली असतात आणि नीट विचारले तर दुकानदार बहुधा पैसेही घेत नाही. माझे पहिले ६०८ मात्र घरातलेच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर, तेव्हा आमच्या तळमजल्यावरील हत्यारांची पेटी पाच दिवस पाण्याखाली होती. त्यातील ड्रिलची वायंडिंग गेली, गिअर गंजले, पण गाळाने भरलेली दोन बेरिंगे धुतल्यावर फिरू लागली. महापुरात बुडालेली अशी अवजारे सांगली, मिरज आणि नदीकाठच्या गावांतील माळ्यांवर अजूनही पडून आहेत. प्रथम तेथे शोधावे.

भंगाराच्या दुकानातून काही घेत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे, गाडीचा चॅसिस क्रमांक किंवा इंजिन क्रमांक असलेला कोणताही तुकडा, तो कितीही सुंदर दिसला तरी, घेऊ नका. दुसरी गोष्ट मिरजेसारख्या जंक्शनच्या परिसरात विशेष महत्त्वाची आहे : रेल्वेची खूण असलेला नट, चावी, पितळी बिल्ला किंवा रुळाचा तुकडा दुकानदार स्वतःहून पुढे करत असला तरी त्याला हात लावू नये. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि वस्तू रीतसर मिळाली आहे हे पटवून देणे अखेर ती बाळगणाऱ्याच्या गळ्यात येते. एरवी दहा-वीस रुपयांची खरेदी असली तरी दुकानदाराकडून चिठ्ठीवर वस्तूचे नाव, तारीख आणि रक्कम लिहून घ्यावी. कागद म्हणावा तर या उद्योगात तेवढाच लागतो.

२. काय काय हाताशी असावे

साहित्य पुढीलप्रमाणे :

- ६०८ बेरिंग, एक
- पितळेची पट्टी : ६० मिमी लांब, १२ मिमी रुंद, दीड मिमी जाड
- ५ मिमीचा २० मिमी लांब स्क्रू, त्याचा साधा नट आणि ५ मिमीचे दोन वॉशर
- बुश (बेरिंगच्या भोकात बसणारी लहान धातूची नळी) : बाहेरून ८ मिमी, आतून ५ मिमी, लांबी ७ मिमीपेक्षा केसभर कमी
- ४ मिमीची कॉटर पिन (वर डोळा आणि खाली वळवता येणारे दोन पाय असलेली पिन)
- चावीची पोलादी रिंग, २५ किंवा ३० मिमीची

हत्यारांमध्ये बाकाला बसवलेला व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा), हेक्सॉ (धातू कापण्याची करवत), एक चपटी आणि एक गोल कानस, सेंटर पंच (भोकाची खूण ठोकण्याचा टोकदार खिळा), हातोडी, पक्कड, व्हर्नियर (बारीक माप घेण्याची सरकती पट्टी), ३, ४ आणि ५ मिमीची ड्रिल बिटे, एक लहान लोहचुंबक, २२० पासून १२०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर आणि डोळ्यांवर लावण्याचा गॉगल एवढे पुरेसे आहे. शक्य असेल तर उभे ड्रिल मशीन मिळवावे. हातात धरलेल्या ड्रिलने सरळ भोक पडते असे जे सांगतात त्यांनी ते भोक व्हर्नियरने कधी मोजलेले नसते.

पट्टी मागताना एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. भंगाराच्या आणि लोखंडाच्या दुकानात अजूनही सुताचा हिशेब चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३ मिमीपेक्षा किंचित जास्त. तुम्ही ‘बारा मिमीची पट्टी’ म्हणालात तर मुलगा तुमच्याकडे पाहत राहील. ‘चार सुती’ म्हणालात तर लगेच अर्धा इंच रुंदीची, म्हणजे १२.७ मिमीची पट्टी काढून देईल. ती चालते, कारण वरचे ०.७ मिमी कानशीने जातात. जाडी मात्र व्हर्नियरने स्वतः मोजावी. एक मिमीची पट्टी पुढे वाकते आणि दोन मिमीची पट्टी लहान कोपऱ्यात वळवताना तडकते.

३. धातू ओळखणे

हाती आलेला तुकडा पितळेचाच आहे की लोखंडावर पिवळा मुलामा चढवलेला आहे, हे लोहचुंबक एका क्षणात सांगते. पितळ चुंबकाला चिकटत नाही. परंतु पितळी मुलामा असलेला जस्ताचा ओतीव भागही चिकटत नाही, म्हणून कडेला कानशीचा एक फटका मारून पाहावा : आतून पिवळे दिसले तर पितळ, राखाडी दिसले तर ओतीव जस्त. असा जस्ताचा भाग वाकवायला गेल्यास बिस्किटासारखा तुटतो.

बेरिंगच्या बाबतीत कानस उलट उत्तर देते. त्याच्या कड्यावर कानस चालवली की ती काचेवरून घसरावी तशी घसरते आणि नुसता चकचकीत ओरखडा उमटतो. बेरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते आणि ते पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक केलेले असते. मी सुरुवातीला बाहेरच्या कड्याला भोक पाडून त्यातून थेट रिंग ओवण्याचा बेत केला होता. तीन मिमीचे नवे बिट अर्ध्या मिनिटात निळे पडले, टोक बोथट झाले आणि कड्यावर खसखशीएवढा ठिपका तेवढा उमटला. म्हणूनच आपण बेरिंगला भोक न पाडता त्याला पट्टीत धरणार आहोत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेरिंगच्या कड्यावर हातोडी कधीही मारू नये. कडक पोलाद वाकत नाही, फुटते, आणि त्याची कपची नेमकी डोळ्याच्या उंचीला उडते.

धातू ओळखतानाच काही वस्तू बाजूला काढाव्यात. जुन्या ब्रेक शूचे आणि क्लच प्लेटचे अस्तर घासू नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. अंधारात चमकणारे काटे असलेली फार जुनी घड्याळे उघडून त्यांचा रंग खरवडू नये; एके काळी त्या रंगात रेडियम वापरत असत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधीच्या इंजिनातून निघालेला स्पार्क प्लग किंवा कार्ब्युरेटर घेतल्यास त्यावरील काजळी कोरडी खरवडू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी.

४. बेरिंग काढणे आणि धुणे

विजेचे कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी त्याची पिन सॉकेटमधून काढलेली असावी, हे सांगण्याची गरज नसावी. पंखा आणि पाण्याची मोटार यांच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्यामुळे तो भाग जाणकाराकडूनच मोकळा करून घ्यावा. मायक्रोवेव्ह ओव्हन तर उघडूच नये.

शाफ्टवरून (यंत्राच्या फिरत्या दांड्यावरून) बेरिंग काढण्यासाठी पुलर, म्हणजे ते ओढून काढणारे हत्यार, लागते. ते विकत घेण्याची आवश्यकता नाही. रिवाइंडिंगच्या दुकानात दोन मिनिटांचे काम असते. बाहेरच्या कड्यावर ठोकून बेरिंग निघते खरे, पण तो मार आतील गोळ्यांवर बसतो, गोळ्या आपल्या वाटेवर बारीक खळगे पाडतात आणि पुढे ते बेरिंग बोटात फिरवताना खडखडत राहते.

आता धुणे. याच टप्प्यावर नवखे लोक घाई करतात आणि मग दोन महिन्यांनी बेरिंग जाम झाल्याची तक्रार करतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

बेरिंगच्या दोन्ही बाजूंना झाकण असते. ते रबरी असेल तर शिवणाच्या सुईने आतल्या कडेने हळूच उचलले की अखंड निघते आणि नंतर पुन्हा बसवता येते. पत्र्याचे झाकण मात्र एकदा काढले की वाकते, ते परत बसत नाही. तसे बेरिंग उघडेच वापरावे लागते. उघड्या बेरिंगमधून सातही गोळ्या फिरताना दिसतात आणि मला स्वतःला ते रूप अधिक आवडते, पण त्यात खिशातील धागे आणि धूळ जाते. रबरी झाकणाचे बेरिंग मिळाले तर नवख्याने तेच घ्यावे.

झाकणे काढल्यावर बेरिंग डिझेलमध्ये बुडवून रात्रभर ठेवावे. पूर्वी या कामाला रॉकेल वापरत असत. आता ते सहज मिळत नाही आणि डिझेलने काम तितकेच चांगले होते. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ चटकन पेट घेते. सकाळी बेरिंग डिझेलच्या आतच बोटाने फिरवावे. पहिल्यांदा काळे ग्रीस सुटते. पुरातील बेरिंग असेल तर त्यामागोमाग चहाच्या रंगाचा गाळ येतो आणि वाटीच्या तळाशी बारीक रेतीचा थर बसतो. डिझेल बदलून हे तीनदा करावे. तिसऱ्या वेळी डिझेल स्वच्छ राहिले आणि फिरवताना करकर ऐकू आली नाही, म्हणजे आतील वाट मोकळी झाली. करकर कायम असेल तर गंजाने वाट खाल्लेली आहे असे समजून दुसरे बेरिंग शोधावे. त्यानंतर भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने डिझेलचा वास जाईपर्यंत धुवावे व लगेच, अक्षरशः लगेच, कोरडे करावे. हे पोलाद स्टेनलेस नव्हे. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते आणि येथे दीडच टक्का आहे. ओले बेरिंग ताटलीत ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर तांबूस ठिपके दिसतील. केस वाळवण्याच्या ड्रायरने सुकवावे. कॉम्प्रेसरच्या हवेने मात्र गरगर फिरवू नये. ते फिरताना ऐकायला गंमत वाटते, पण तेल नसलेले बेरिंग त्या वेगाने फुटू शकते. सुकल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. ग्रीस भरू नये, कारण ग्रीसमुळे बेरिंग जड फिरते आणि खिशाला डाग पडतात.

कड्यावर बाहेरून गंज असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात अर्धा तास ठेवणे, ब्रशने घासणे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवणे आणि पुन्हा तेल देणे एवढे पुरते. संडास साफ करण्याचे ॲसिड अजिबात वापरू नका. मी एकदा ते एका बरणीत ओतून, त्यात बेरिंग टाकून, बरणी हत्यारांच्या कपाटात ठेवली. त्या ॲसिडची वाफ झाकणाच्या फटीतून निघत राहते. दुसऱ्या दिवशी बेरिंग तर काळे पडलेच होते, पण वरच्या फळीवरील सगळ्या कानशींवर, वडिलांच्या जर्मन व्हर्नियरसकट, गंजाची पिवळसर साय चढली होती. शिवाय कडक पोलाद अशा ॲसिडात फार वेळ राहिले की ठिसूळ होते आणि नंतर विनाकारण तडकते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर एका खोलीतही आणू नयेत. त्यातून क्लोरीन सुटतो.

५. पट्टी वाकवणे

प्रथम पट्टीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३० मिमीवर, रेघ ओढून सेंटर पंचाने खूण करावी आणि आधी ३ मिमीचे व मग ४ मिमीचे बिट वापरून भोक पाडावे. हे भोक कॉटर पिनेसाठी आहे. बाजूंची भोके आता पाडू नयेत, त्याचे कारण पुढे येईल.

बाजारातील पितळी पट्टी लाटलेली असल्यामुळे कडक असते आणि तशीच वाकवली तर बाहेरच्या कोपऱ्यावर बारीक चिरा पडतात. ती नरम करण्यासाठी गॅसच्या टॉर्चने तापवावी लागते. या बाबतीत माझे गुरू म्हणजे माझे मामा. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील हजारो कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. मामांनीही तीस वर्षे परमुलखात मुशीसमोर काढली. मी पट्टी तापवू लागलो तेव्हा त्यांनी आधी खोलीतला दिवा बंद करायला लावला. म्हणाले, “उजेडात रंग कळत नसतो. अंधारात जरा लाल दिसली की थांबायचं. पिवळी झाली म्हणजे गेली.” हा सल्ला शब्दशः खरा आहे. भर उन्हात पितळ लाल दिसेपर्यंत ते प्रत्यक्षात फार तापलेले असते, त्यातील जस्त उडू लागते आणि पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. म्हणून जागा अंधारी असावी, पण खिडक्या उघड्या असाव्यात.

मंद लाल झालेली पट्टी पाण्यात टाकली तरी चालते. पोलादाप्रमाणे पितळ त्यामुळे कडक होत नाही. नरम झालेली पट्टी हाताला लगेच ओळखू येते, आधी ती तारेसारखी उसळत असते आणि आता शिशासारखी वाकते.

वाकवण्यासाठी ९ मिमी जाडीचा ठोकळा लागतो. बेरिंगची जाडी ७ मिमी आणि दोन्ही बाजूंचे वॉशर प्रत्येकी १ मिमी, असे मिळून हे ९ मिमी होतात. ८ मिमीच्या लोखंडी पट्टीला १ मिमीचा पत्रा जोडून हे माप साधते. पितळी पट्टीचा मध्य ठोकळ्याच्या कडेच्या मध्यावर ठेवून दोन्ही बाजू हातोडीने हळूहळू खाली आणाव्यात. हातोडी थेट पितळेवर न मारता मध्ये लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे खुणा पडत नाहीत. एका बाजूचा कोपरा पूर्ण करून मग दुसरीकडे जाण्याऐवजी दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या वाकवल्यास मध्य सरकत नाही. अखेरीस सगळे मिळून व्हाइसमध्ये दाबावे.

६. बुश

बेरिंगचे भोक ८ मिमीचे आणि आपला स्क्रू ५ मिमीचा, यांच्यातील पोकळी बुशने भरायची आहे. तसा तयार बुश भंगारात मिळाला तर उत्तम, नाही तर कोणत्याही लेथवर तो दहा मिनिटांत निघतो. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतील लहान वर्कशॉपमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी गेल्यास काम होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला तेव्हापासून या पट्ट्यात लेथ चालवणाऱ्यांची वाण पडलेली नाही. लेथवाल्याला नुसते माप न सांगता बेरिंगच त्याच्या हातात द्यावे आणि ‘बोटाने दाबल्यावर आत जाईल आणि उलटे केल्यावर पडणार नाही’ असा बुश मागावा. एवढे सांगितले की तो आणखी काही विचारत नाही.

लांबीकडे मात्र तुम्ही लक्ष द्यावे. बुश ७ मिमीपेक्षा जास्त लांब झाला तर वॉशर बेरिंगच्या आतल्या कड्यावर टेकत नाहीत आणि बेरिंग डावी-उजवीकडे डुलत राहते. नेमका ६.९ मिमी असावा. थोडा जास्त असल्यास पॉलिश पेपरवर घासून आणता येतो.

७. भोके आणि जोडणी

आता बाजूंची भोके. पट्टीच्या आतल्या तळापासून १६ मिमी अंतरावर दोन्ही पाखांवर (वाकवलेल्या बाजूंवर) मध्यरेषेत खूण करावी. बेरिंगची त्रिज्या ११ मिमी आहे, त्यामुळे बेरिंग आणि तळ यांच्यात ५ मिमीची मोकळी जागा राहते. कॉटर पिनेचे पाय तेथेच बसणार आहेत. पट्टी वाकवण्यापूर्वीच ही भोके पाडली तर वाकवताना अर्धा मिमी इकडे तिकडे होतोच आणि मग स्क्रू तिरका बसतो. म्हणून यू पट्टीत ९ मिमी जाडीचा लाकडी ठोकळा घट्ट बसवावा, तो व्हाइसमध्ये धरावा आणि एकाच दमात, आधी ३ आणि मग ५ मिमीच्या बिटाने, आरपार भोक घ्यावे. पितळेत बिट एकदम आत खेचले जाण्याची खोड असते, तेव्हा भोक आरपार होण्याच्या क्षणी दाब कमी करावा. पट्टी बोटांनी धरून ड्रिल करू नये. बिट अडकले की ती पंख्याच्या पात्यासारखी फिरते.

यानंतर भोकाच्या मध्यापासून साधारण ६ मिमी सोडून पाखांची टोके अर्धगोल कापावीत, कानशीने गोलाई आणावी आणि भोकांच्या कडेची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, गोल कानशीने काढावी. बर राहिली तर ती खिसा कापते आणि बोटही. पॉलिश पेपर २२० पासून सुरू करून ८०० पर्यंत न्यावा. १२०० नंतर आरशासारखी झळाळी येते, पण ती आठ दिवसही टिकत नाही. मी ८०० वरच थांबतो. बेरिंगच्या कड्यावर कोरलेला क्रमांक आणि कारखान्याचे नाव मात्र घासून घालवू नये.

जोडणीचा क्रम चुकवू नका. बेरिंग आधी बसवले तर कॉटर पिन बसवायला जागाच उरत नाही.

सर्वप्रथम कॉटर पिनेच्या डोळ्यात चावीची रिंग जाते का ते पाहावे. जात नसेल तर मध्ये ओवण्यासाठी एक लहान पोलादी कडी घ्यावी. मग पिन वरून भोकात घालावी, आतल्या बाजूला तिचे पाय सुमारे ५ मिमी ठेवून बाकीचे कापावेत आणि ते पट्टीच्या रुंदीच्या दिशेने एक इकडे व एक तिकडे असे वळवून तळाला चपटे ठोकावेत. पिन जागेवर फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. त्यानंतर बेरिंगमध्ये बुश घालून दोन्ही बाजूंना वॉशर धरावेत आणि सगळे एकत्र पट्टीत सरकवून स्क्रू ओवावा. ५ मिमीच्या वॉशरचा बाहेरील व्यास १० मिमी असतो आणि बेरिंगचे आतले कडे साधारण १२ मिमीपर्यंत असते, म्हणून हा वॉशर फक्त आतल्या कड्यावर टेकतो आणि बाहेरचे कडे मोकळे फिरते. मोठा वॉशर लावला तर तो बाहेरच्या कड्याला किंवा रबरी झाकणाला घासतो आणि सगळी मेहनत जाम होऊन बसते.

नट आवळल्यावर बेरिंग फिरवून पाहावे. ठीक असेल तर स्क्रूचे वर आलेले टोक नटाच्या वर सुमारे १ मिमी राहील असे हेक्सॉने कापावे, स्क्रूचे डोके ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर टेकवावे आणि टोकाच्या कडेकडेने हातोडीचे हलके फटके मारत ते नटावर पसरवावे. आटे असे रिबिट झाले की नट कंपनाने सुटत नाही. फटका चुकून बेरिंगवर पडू नये म्हणून त्यावर जाड चामड्याचा तुकडा बांधावा. गॉगल या वेळी तरी लावाच.

८. रिंग आणि ओढून पाहणे

चावीची रिंग स्वस्तातली घेऊ नये. बोटांच्या नखाने सहज उघडणारी रिंग चावी अडकवायला सोपी वाटते, पण तितक्याच सहजपणे चावी सोडतेही. चांगली रिंग उघडायला नख दुखावे.

सर्व झाल्यावर किचेन खिळ्याला अडकवून त्याच्या यू पट्टीला दोरीने पाच लिटर पाण्याचा भरलेला कॅन बांधावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी कॉटर पिनेचे पाय जागेवर आहेत का, रिंग फाकली आहे का, पट्टीच्या कोपऱ्यावर चीर दिसते का, हे भिंगाखाली पाहावे. कोपऱ्यावर केसाएवढी जरी चीर असली तरी ती पट्टी टाकून द्यावी आणि नवीन पट्टी पुन्हा नीट नरम करून वाकवावी. मी अशा तीन पट्ट्या टाकल्या आहेत.

घरात लहान मूल असेल तर उघड्या, म्हणजे झाकण नसलेल्या, बेरिंगचे किचेन त्याच्या हाती देऊ नये. आतील गोळ्या जेमतेम ४ मिमीच्या असतात आणि त्यांना जागेवर धरणारा पिंजरा तुटला तर त्या एकेक करून बाहेर येतात.

वापरताना पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा फडक्याने पुसून बेरिंगमध्ये तेलाचा एक थेंब सोडावा, पाच-सहा वेळा फिरवावे आणि बाहेर आलेले तेल पुसून मगच किचेन खिशात ठेवावे. पितळ काळवंडले तर चिंचेच्या कोळाने घासायला हरकत नाही, परंतु त्याआधी स्क्रूचे टोक कानशीने घासून, नट काढून बेरिंग बाजूला करावे लागते आणि नंतर नवा स्क्रू लावावा लागतो. म्हणून ५ मिमीचे दोन-चार स्क्रू पहिल्याच खेपेला जास्तीचे आणून ठेवावेत.